पिल्लाला शिकवायला सुरुवात कधी करायची? (नऊ आठवड्यांचा लॅब, नागपूर)

मनीषनगरकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे लॅब्राडोरचं पिल्लू आलंय. नऊ आठवड्यांचं आहे, नाव बंड्या. नाव मुलीनं ठेवलं, आमचं मत कोणी विचारलं नाही.

याला शिकवायला कधीपासून घ्यायचं? ओळखीतले एक ट्रेनर म्हणाले, "सहा महिन्यांचा झाला की आणा, आत्ता काही कळत नाही त्याला." डॉक्टर म्हणाले, लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकू देऊ नका. आणि आमच्या मातोश्री म्हणतात, "लेकरू आहे ते, खेळू दे. मोठं झालं की येते अक्कल." तोवर बंड्या देवघरासमोर मुततो, मुलीच्या पायजम्याला लोंबकळतो आणि रात्री दोन वाजता मैफल मांडतो.

मला घाई नाही. पण सहा महिने थांबायचं म्हणजे जूनचा शेवट. तोवर थांबण्यात नुकसान आहे की फायदा, एवढंच सांगा. अनुभवाचं सांगा, गूगल माझ्याकडेही आहे.

इतवारीचा_बंटी
भाऊ, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले? आमच्या घरी गावठी हाय, टॉम्या. त्याले कोनी काई शिकवलं नाई. दुकान उघडलं की ओट्यावर जाऊन बसते, बंद झालं की घरी येते. कुत्र्याले कुत्र्यासारखं राहू द्या न. हे क्लास-फ्लास मोठ्या लोकायचे शौक हाय.

रेवाची_आई
बंटीभाऊ, टॉम्याला ओट्यावर बसायला कोणी शिकवलं नसेल, पण ओट्यावर बसलं की गिऱ्हाईक बिस्किटाचा तुकडा टाकतं हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. तेच शिक्षण झालं की.

मनीषनगरकर, तुम्ही शिकवायला घ्या की नका घेऊ, बंड्या शिकतोच आहे. रात्री रडलं की कोणीतरी उठून येतं, हा एक धडा झाला. पायजमा ओढला की मुलगी किंचाळत पळते आणि मज्जा येते, हा दुसरा. सहा महिन्यांनी ट्रेनरकडे न्याल तेव्हा पाटी कोरी नसेल, हेच सगळं पुसायचं काम आधी करावं लागेल.

अर्थात नऊ आठवड्यांच्या जिवाला मैदानात उभं करून कवायत घ्यायची नसते. आत्ता काय शिकवायचं? स्वतःचं नाव ऐकून वळून बघणं, शू कुठे करायची, माणसाच्या अंगाला दात लावायचे नाहीत, आणि पंजे, कान, तोंड हाताळू द्यायचं. हे शेवटचं लोक विसरतात. मग मोठेपणी नखं कापायला दोन माणसं धरायला लागतात. रोज जेवणाच्या आधी मिनिटभर एकेक पंजा हातात घ्या, बोटांच्या मध्ये हात फिरवा, कानात डोकावा, ओठ उचलून दात बघा आणि वर एक दाणा द्या.

आमची रेवा (बीगल) घरात आली त्याच दिवशी मी बसायला शिकवायला घेतलं. सोपं आहे. तिच्याच जेवणातला एक दाणा नाकाशी धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्या क्षणी "शाब्बास" आणि दाणा तोंडात. हात फार उंच नेऊ नका, नाहीतर पिल्लू उडी मारायला शिकतं. नाक आणि दाणा यांत बोटभर अंतर पुरे. बूड हातानं दाबायचं नाही. एका वेळी दोन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. तिसऱ्या मिनिटाला पिल्लाचं लक्ष पंख्याकडे जातं, तेव्हा आपणच थांबायचं.

जुना_हँडलर
मी श्वान पथकात नोकरी केली, आता निवृत्त. सहा महिन्यांचा नियम कोणी मूर्खानं केलेला नाही, म्हणून दोन शब्द.

जुनी पद्धत जर्मन पोलिसांकडून आली. कॉनराड मोस्ट नावाच्या अधिकाऱ्यानं ती १९१० साली लिहून काढली आणि पुढे जगभर फौजेत, पोलिसांत तीच पसरली. त्या पद्धतीत चूक झाली की पट्ट्याचा झटका. चोक चेनचा (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) झटका तीन महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्याला सोसणारा नाही, म्हणून सहा महिने थांबायचं. थांबण्याचं कारण मान होतं, डोकं नव्हे. पुढे कारण विसरलं गेलं आणि आकडा तेवढा राहिला.

आमच्याकडेसुद्धा पिल्लं तोवर रिकामी नसत. जीपमध्ये बसवून फिरवणं, लोखंडी जाळीवरून चालवणं, लांबून फायरिंगचा आवाज ऐकवणं, चेंडूच्या मागे पळवणं, हे सगळं चाले. त्याला आम्ही ट्रेनिंग म्हणत नसू, एवढंच.

मात्र काही गोष्टी खरोखर उशिरानेच घ्याव्यात. पायाशी पाय जुळवून चालणं, लांबचा थांबा, सायकलबरोबर पळणं, उड्या. लॅबसारख्या मोठ्या जातीची हाडं पक्की व्हायला वर्ष, कधी दीड वर्ष लागतं. बंड्याला जिन्यावरून वर-खाली पळवू नका.

आणि त्या ट्रेनरना विचारा, गळ्यात काय घालता? पहिल्या दिवसापासून चोक चेन, असं म्हणाले तर सहा महिने का थांबायला सांगतात ते कळेल. मग त्यांच्याकडे जायचं की नाही हेही ठरवता येईल.

डॉ_सेमिनरीहिल्स
इथल्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, शहरात प्रॅक्टिस करतो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण गोष्टीला दुसरी बाजू आहे.

पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिकारशक्ती मिळते. ती रक्तात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून तीच लस सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी परत द्यावी लागते. शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. मधल्या काळात भीती पार्व्होची. १९७८ साली हा आजार जगभर पसरला, तेव्हापासून तो गेलेला नाही. विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि फिनाईलनं मरत नाही, ब्लीच लागतं. रक्ताचे जुलाब सुरू झालेलं पिल्लू वाचवताना काय होतं ते आम्ही रोज बघतो, म्हणून डॉक्टर कडक बोलतात.

आता दुसरी बाजू. नवं काही दिसलं तर न घाबरता स्वीकारायचं, ही तयारी पिल्लाच्या मेंदूत तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतच जोरात असते. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर इथे यावर पुष्कळ काम झालं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लं कुंपणाच्या आत, माणसांचा सहवास न देता वाढवली होती. मधल्या आठवड्यांत ज्यांना थोडे दिवस माणसांत आणलं ती रुळली. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना माणसाचा हात लागला नाही, ती नंतर किती जवळ घेतली तरी बिचकतच राहिली.

म्हणजे लसींचा कोर्स संपतो सोळाव्या आठवड्यात आणि हा काळ संपतो चौदाव्यात. दोन्ही पाळायचं तर पिल्लू जमिनीवर ठेवायचं नाही, पण जग दाखवायचं.

तिकडच्या प्राणी-वर्तन पशुवैद्यकांच्या संघटनेनं २००८ मध्ये सांगून ठेवलंय की पहिली लस आणि जंताचं औषध देऊन आठवडा झाला की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लालाही वर्गाला आणायला हरकत नाही. पण तिथले वर्ग बंद हॉलमध्ये, पुसलेल्या फरशीवर आणि लस झालेल्या पिल्लांचे असतात. आपल्याकडे "क्लास" म्हणजे मैदान आणि मैदानात सगळ्या गल्लीची कुत्री. तो सल्ला इथे जसाच्या तसा उचलू नका.

मनीषनगरकर
डॉक्टरसाहेब, धन्यवाद. जमिनीवर न ठेवता जग दाखवायचं म्हणजे नेमकं कसं? सात किलोचं धूड होईल हो महिनाभरात.

फुटाळा_रिटर्न्स
धूड व्हायच्या आत उरकायचं असतं ते.

डॉक्टरांनी आठवड्यांचा हिशेब सांगितला, मी नागपूरचा सांगतो. बंड्या आत्ता, मार्चच्या तोंडावर, नऊ आठवड्यांचा. सोळा आठवडे होणार एप्रिलच्या मध्यावर. तेव्हा इथे पारा चाळिशी पार करून बसलेला असतो आणि सकाळी नवानंतर डांबराला हात लावून बघा. मे महिन्याबद्दल नागपूरकराला काय सांगायचं? २०१३ च्या मेमध्ये ४७.९ झालं होतं. त्यात कुत्र्याला घाम फुटतो तो तळपायाला, तोही नावापुरता. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवायची. म्हणजे "लसी झाल्या की बाहेर काढू" असं नागपुरात जो म्हणतो, तो खरं तर "पाऊस पडला की काढू" असं म्हणतोय. तोवर बंड्या सहा महिन्यांचा, वीस-बावीस किलोचा, आणि उभ्या जन्मात पाहिलेलं काय, तर सोफा आणि कूलर. मग पोळा, मारबत, गणपतीचे ढोल, दिवाळीचे फटाके ओळीनं येणार. त्या वेळी कॉटखालून बाहेर काढताना नाकी नऊ येतात.

आम्ही काय केलं: कापडी झोळी गळ्यात अडकवली, पिल्लू त्यात, डोकं बाहेर. सकाळी सात-साडेसातला वर्धा रोडवर मेट्रोच्या पुलाखाली कडेला उभं राहायचं. बस, ट्रक, वरून मेट्रो. पाच मिनिटं, की परत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर, पलीकडच्या बाजूला. एकदा भाजीबाजाराच्या तोंडाशी. मनीषनगरला तर रेल्वेचा आवाज घरबसल्या मिळतो, फुकटचा क्लास आहे.

माणसं तऱ्हेतऱ्हेची दाखवा. काठी टेकत चालणारे आजोबा, हेल्मेटवाला, पाठीवर चौकोनी पेटी घेतलेला डिलिव्हरीवाला, फेटा, बुरखा, रेनकोट, व्हीलचेअर, रांगणारं बाळ. पण प्रत्येकानं हात लावलाच पाहिजे असं नाही. लोक "अगं बाई कित्ती गोड" करून चेहऱ्यावर झुकतात, त्यांना प्रेमानं थांबवा. पिल्लानं मान वळवली, जांभई दिली, ओठ चाटले की त्याला पुरे झालं असं समजायचं आणि दोन पावलं मागे यायचं.

धुळवड तोंडावर आहे. त्या दिवशी घरातच ठेवा. रंग चाटला तर पोट बिघडतं, आणि ओळखीच्या माणसांचे चेहरे हिरवे-जांभळे बघून मोठी कुत्रीसुद्धा चक्रावतात. अनुभव म्हणून एवढं सगळं एकाच दिवशी नको.

वाचनमात्र_७
इथे रस्त्यावरची कुत्री गाड्यांच्या मागे लागून लोकांना पाडतायत आणि तुम्ही पिल्लाला मेट्रो दाखवताय. धन्य आहे.

व्यवस्थापक
भटक्या कुत्र्यांवर स्वतंत्र धागा आहे आणि तो पेटलेलाच आहे. तिकडे लिहावे.

लक्ष्मीनगरच्या_काकू
देवघरासमोरच्या कार्यक्रमाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते.

अहो, दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांच्या वर धरवत नाही, तेही झोपेत. जागं असताना तर तासाभरात वेळ येते. झोपून उठलं की, खाऊन झालं की, खेळून झालं की उचलायचं आणि ठरलेल्या जागी न्यायचं. तुमच्याकडे अंगण असेल तर अंगणात, नाहीतर गच्चीवर एका कोपऱ्यात मातीचा ट्रे. बाहेरची कुत्री येत नाहीत अशी जागा हवी. तिथे उभं राहायचं, मोबाइल न बघता. झालं की लगेच तिथेच कौतुक. घरात येऊन मग बिस्कीट दिलं तर त्याला वाटतं घरात आल्याचं बक्षीस.

आत झालंच तर ओरडू नका आणि नाक तर मुळीच घासू नका. त्यानं एवढंच कळतं की तुमच्या देखत करायचं नाही, मग ते पलंगाखाली जाऊन करतं. गोल गोल फिरत जमीन हुंगायला लागलं की समजायचं, वेळ भरली. नुसतं फिनाईल फिरवून वास जात नाही, त्याला तोच पत्ता परत सापडतो. आधी पाण्यात व्हिनेगर घालून पुसा. फरशी ओली असताना पिल्लाला तिकडे फिरकू देऊ नका, पाय चाटतं आणि सगळं पोटात जातं.

आणि सासूबाई की आई, ज्या कोणी आहेत, त्यांना पोळीचा तुकडा ताटाखालून देऊ नका म्हणून सांगा. सांगून उपयोग होणार नाही, पण सांगा.

मनीषनगरकर
काकू, आई आहे. सांगितलं. "मी कुठे देते" असं म्हणाली आणि बंड्या तिच्याच पाटाशी बसून आहे.

बाकी बसणं जमलं. रेवाच्या आई, तुमची बोटभर अंतराची टीप कामाची निघाली, माझा हात आधी फार वर जात होता. आता घरात मी "बस" म्हणतो, बायको "सिट" म्हणते, आई "बैस रे" म्हणते. चालेल का?

चावण्याचं मात्र कठीण आहे. काल मुलीच्या मनगटावर दात लागला, थोडं रक्तही आलं. खेळताखेळता झालं, तो चिडला नव्हता. जागच्या जागी डेटॉल लावलं.

डॉ_सेमिनरीहिल्स
बाकीचं बाजूला ठेवा, आधी हे वाचा.

रक्त आलंय ना? मग आजच मुलीला डॉक्टरकडे न्या. नऊ आठवड्यांच्या पिल्लाला रेबीजची लस झालेलीच नसते, आणि रेबीज पिल्लांनाही होतो. पिल्लू कुठून आलं, त्याच्या आईला लस होती का, ते कोणत्या कुत्र्यांत वावरलं, हे सगळं डॉक्टरांना सांगा. इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, आपण इथे धाग्यावर नाही. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. सुरू केली तर एकही चुकवू नका.

पुढे असं कधी झालं तर पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुणं. घड्याळ लावून पंधरा. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही, पट्टी बांधायची नाही.

मनीषनगरकर
नेऊन आणलं. पहिला डोस झाला, पुढच्या तारखा लिहून दिल्यात. आभार.

रेवाची_आई
बरं झालं.

चावण्याचं: पिल्लं हे भावंडांत शिकतात. जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ मोडतो. तुम्हीही तेच करायचं, खेळ मोडायचा. दात लागला की सगळी हालचाल बंद, उठून दुसऱ्या खोलीत, अर्ध्या मिनिटानं परत. मुलीला ओरडत पळू देऊ नका. पळणारा पायजमा हे जगातलं सगळ्यात भारी खेळणं आहे. तिला झाडासारखं उभं राहायला शिकवा, हात छातीशी, नजर वर. आणि दोघांना एकटं सोडू नका, मुलगी कितीही शहाणी असली तरी. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात, तेव्हा चावणं आणखी वाढेल. ओला सुती रुमाल पिळून फ्रीजरमध्ये ठेवा, गार झाला की चघळायला द्या. गाजरही चालतं. संध्याकाळी अचानक पिसाळल्यासारखा धावायला, चावायला लागला तर बहुतेक झोप आलेली असते. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोपतात.

शब्द एकच ठेवा, कोणताही. हाताची खूण तर सगळ्यांची सारखी हवी, ती कुत्र्यांना बोलण्यापेक्षा लवकर कळते.

जुना_हँडलर
बाईंचं बरंचसं पटतं. एक पटत नाही. हे दाणे दाखवून बसवणं. पुढे हातात दाणा दिसल्याशिवाय कुत्रा ढिम्म हलत नाही. आमच्याकडे कुत्रा माणसासाठी काम करायचा, चण्यासाठी नाही.

रेवाची_आई
काका, तो दोष दाण्याचा नाही, दाखवण्याचा आहे. चार-पाच वेळा दाणा हातात, मग रिकाम्या हातानं तीच खूण. बसला की दाणा दुसऱ्या हातातून किंवा खिशातून. पुढे कधी मिळतो, कधी नुसती थाप, कधी फाटक उघडतं. आणि तुमचा कुत्रा चेंडूसाठी काम करायचा ना? पगार तोही घेतच होता.

जुना_हँडलर
चेंडूचं खरं आहे. पण रोज खिशात दाणे घेऊन फिरणार का माणूस? माझं मत कायम आहे.

त्रिमूर्तीनगरवाली
मला एक विचारायचंय. आमच्याकडे पॉमेरेनियन आणलं तेव्हा ते पस्तीस दिवसांचं होतं. विकणारा म्हणाला, जितकं लहान न्याल तितका लळा लागतो. आता आठ महिन्यांचं आहे, पण चावायचा जोर काही कळत नाही त्याला, आणि हेल्मेट घातलेलं माणूस दारात दिसलं की भिंतीला चिकटतं. आता वेळ गेली का?

डॉ_सेमिनरीहिल्स
आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं केंद्राच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत बसतच नाही. लळ्याची गोष्ट विक्रेत्याच्या सोयीची आहे. लवकर गेलं म्हणजे त्याचा खाण्याचा खर्च वाचला. पाचव्या ते आठव्या आठवड्यात आई आणि भावंडं दातांचा जोर शिकवतात, ते तुमच्या पिल्लाला मिळालं नाही.

वेळ गेलेली नाही, पण जे तेव्हा दिवसांत झालं असतं त्याला आता महिने लागतील.

रेवाची_आई
हेल्मेटचं असं करून बघा. हेल्मेट खोलीच्या एका टोकाला जमिनीवर ठेवा, पॉम दुसऱ्या टोकाला. त्यानं बघितलं की पनीरचा कण. रोज वीतभर जवळ. ते आपणहून जाऊन हुंगेल तेव्हा हेल्मेटच्या आत कण टाका. मग घरातल्या माणसानं हातात धरून बसायचं, मग डोक्यावर, मग उभं राहून, सगळ्यात शेवटी दारात. मध्ये कुठेही आखडलं तर एक पायरी मागे. ओढत नेऊन "बघ, काही नाही होत" करू नका, त्यानं भीती पक्की होते. घरात कांदा घातलेलं काहीही बक्षीस म्हणून देऊ नका. द्राक्षं आणि चॉकलेटही नाही. विष आहे त्यांना.

फुटाळा_रिटर्न्स
उन्हाळ्याचं राहिलं होतं. मनीषनगरकर, मे महिन्यात बाहेर काढायला जमणार नाही म्हणून शिकवणं बंद करू नका. उलट घरातलं शिकवायला तोच वेळ. हाक मारली की येणं, पट्टा घालून हॉलमध्ये चालणं, चटईवर पडून राहणं, आणि एकटं राहणं. हे एकटं राहणं फार महत्त्वाचं. सुट्टीत सगळे घरी असतात, जूनमध्ये शाळा-ऑफिस सुरू झालं की पिल्लू घर डोक्यावर घेतं. आत्तापासून दोन-दोन मिनिटं दाराआड जा, गाजावाजा न करता परत या.

बाहेर न्यायचंच तर पहाटे साडेपाच-सहाला. उलटा तळहात डांबरावर पाच-सात सेकंद ठेववला नाही तर त्याचे पायही ठेववणार नाहीत. जूनमध्ये दमट व्हायला लागलं की कूलरवर भिस्त ठेवू नका. बंद खोलीत कूलर ओल वाढवतो, आणि धापा टाकून अंग गार करणाऱ्या जिवाला ओलीत काहीच फायदा होत नाही. खिडकी उघडी हवी, पंखा हवा.

लक्ष्मीनगरच्या_काकू
आणि गोचीड बघत जा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात. रेवाची आई म्हणाली तसं रोज पंजे हातात घेताय ना, त्यातच होऊन जाईल.

मनीषनगरकर
ट्रेनरना फोन केला होता. गळ्यात काय घालता विचारलं, तर "चेनशिवाय लॅब ऐकत नाही" म्हणाले. तूर्त घरीच करतोय. उद्यापासून झोळी. आईनं जुन्या नऊवारीची शिवून दिलीय, तिला हे सगळं थेर वाटतं तरी.

इतवारीचा_बंटी
सगळं वाचून राहिलो मी, बरं का. आता माझं सांगा. आमच्या गल्लीत कुत्रीनं पिल्लं देलेत, महिन्याभराचे असतील. एक लाल रंगाचा हाय, मले पाहून येते. टॉम्याले जोडीदार म्हनून आताच उचलून आनू का? गाडीखाली आलं तं काय करता मंग?

डॉ_सेमिनरीहिल्स
लगेच उचलू नका, आणखी चार आठवडे आईजवळ राहू द्या. पण तुमचं काम आजपासून सुरू करता येईल. रोज दुकान बंद झाल्यावर दहा मिनिटं तिथे बसा, आईला आधी खाऊ घाला, मग पिल्लं हातात घ्या. वेगवेगळी माणसं घेऊन जा, घरातल्या बायका, पोरं. आई गुरगुरली तर लांबच बसा. आणि जिथे पिल्लं आहेत तिथे दोन्ही बाजूंनी विटा किंवा फळी लावता आली तर गाड्यांचं निभेल. जंताचं औषध आत्ताच द्यायला हवं, वजनावर देतात, येऊन घेऊन जा. टॉम्याच्या लसी झाल्यात का?

इतवारीचा_बंटी
रेबीजची झाली, बाकीच्या पाहा लागते. फळी लावतो आज. आईजवळ बसाले काई हरकत नाई, ते मले ओळखते. क्लास-फ्लास मात्र मी लावनार नाई, सांगून ठेवतो.

लक्ष्मीनगरच्या_काकू
नका लावू. टॉम्याच्या बाकीच्या लसी तेवढ्या करून घ्या, लाल्याला घरात आणायच्या आधी.